एकाच बाटलीला दहा लेबलं

जिन्यात ही कुजबुज पहिल्यांदा कोणी केली, हे आता कोणी कबूल करायचं नाही. पण तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना ती पाठ होती. "ऐकलंत का? कुकरने नणंदेचा प्रोग्राम चोरला. या वयात!"

कुकर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची सून. शिट्टी कधी होईल याचा नेम नाही, म्हणून हे नाव. एकदा पाण्याच्या टाकीवरून तिने इमारतीच्या सेक्रेटरीला असं झापलं, की लिफ्टमध्ये ती दिसली तर तो गृहस्थ अजून जिन्याने जातो, आणि वर सांगतो की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

बाई औषधाच्या दुकानात काउंटरवर उभ्या असायच्या. लग्न झाल्यापासून उभ्याच म्हणा ना! टाचांना भेगा, पोटऱ्यांत गोळे. एक दिवस मालक म्हणाला, "आता सगळा माल कॉम्प्युटरवर जाणार. शिकून या, आतली खुर्ची तुमची. नाही जमलं तर दुसरं माणूस बघतो." खुर्ची! चाळिशीच्या बाईने त्या एका शब्दासाठी विद्यापीठाच्या संध्याकाळच्या प्रोग्रामिंगच्या वर्गात नाव घातलं. घरात सगळे हसले. नवरा सगळ्यात मोठ्याने.

त्याच वर्गात तिची नणंदही होती. वयाने निम्मी, पण या विषयात आधी एकदा आपटलेली, म्हणून पुन्हा बसलेली. वहिनी पुढच्या बाकावर, नणंदबाई मागच्या. एकमेकींना ओळख दाखवायची नाही, हा अलिखित करार.

शिकवणारे सर म्हणजे चालतीबोलती व्याख्या. "क्लास म्हणजे साचा. ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून काढलेली वस्तू. लिहून घ्या." सगळ्यांनी लिहून घेतलं. वहिनीने हात वर केला. "सर, पण वस्तू नेमकी तयार कधी होते?"

"पुढच्या तासाला बघू."

तो पुढचा तास काही उजाडला नाही.

गृहपाठ मिळाला: एखाद्या दुकानातल्या दहा वस्तू यादीत भरा आणि पडद्यावर छापून दाखवा. हिने अर्थातच औषधं घेतली. सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसली. औषधाचा साचा केला, तापाची गोळी घातली, मलम घातलं, डोळ्यांचे थेंब घातले, शेवटी खोकल्याचं औषध. बटण दाबलं, तर पडद्यावर दहाही ओळींत खोकल्याचं औषध!

"मेल्या, ताप कुठे गेला? मलम कुठे गेलं?" तिने पडद्याला विचारलं. पडदा सासऱ्यांसारखा मख्ख. शेवटी मुदत संपत आली, तेव्हा तिने दात-ओठ खात तसंच देऊन टाकलं.

नणंदेनेही दिलं. तिच्याही दुकानात दहा वेळा खोकलाच.

सरांनी दोन्ही कागद वर्गासमोर धरले. "एका घरात दोन प्रोग्राम, आणि खोकला एकच?" वर्ग खो-खो हसला. सर हसले नाहीत. "दोघींपैकी एकीने कबूल करा. नाहीतर दोघी नापास."

आणि लोकांनी निकाल लावूनही टाकला. तरुण पोरगी कशाला चोरेल? चोरी करणार ती चाळिशीची काउंटरवाली! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच; पण जिन्यातल्या कोर्टात अपील नसतं.

घरात तर कळसच. सासूबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, एका घरात माझं-तुझं करू नये. म्हणून टाक, मीच घेतलं. तुझं काय जातंय? तिचं अख्खं आयुष्य पुढे आहे."

"आणि माझं काय मागे पडलंय? मी काय जुन्या बाजारातून आणलेली आहे?"

नणंद न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. "तुम्ही बायका बघा काय ते," तो म्हणाला. ते ऐकून वहिनीने हातातलं पातेलं ओट्यावर असं आदळलं, की खालच्या मजल्यावरच्यांनी फ्यूज उडाला का म्हणून बटणं तपासली.

सरांनी दोघींना लॅबमध्ये बोलावलं. बघायला अर्धा वर्ग दारात. "चूक कुठे आहे ते सांगा. जिने लिहिलं असेल तिला सांगता येईल."

नणंदेने ऑब्जेक्टची व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. पोपटाने मान खाली घालावी इतकी सुरेख. चूक मात्र सांगितली नाही.

वहिनीला व्याख्याही येईना. कान लाल झालेले. "सर, तोंडाने नाही जमत मला. मशीनवर बसू द्या."

बसली. एक औषध घातलं, छापून पाहिलं. तापाची गोळी. दुसरं घातलं, छापलं. दोन्ही ओळींत मलम. हात थांबला. तिने वर जाऊन आपलीच पहिली ओळ पुन्हा वाचली.

"एकच बाटली!" ती ओरडली. "मी एकच बाटली केली, सर! तिच्यावरच लेबलावर लेबल चिकटवत गेले, आणि फळीवर दहाही ठिकाणी तीच. शेवटचं लेबल तेवढं दिसतंय!" नवी वस्तू तयार करणारी ओळ तिने वरून उचलून खाली आणली, दर औषधाला एकदा चालेल अशी. बटण दाबलं. ताप, मलम, थेंब, सगळे आपापल्या ओळीत.

सर चष्मा पुसत म्हणाले, "ठीक आहे. पण हे आत्ता कळलं तुम्हाला. मूळ तुम्हीच लिहिलं होतं, हे कशावरून?"

झालं. शिट्टी.

"चुकले तेव्हा चोर, दुरुस्त केलं तरी चोर! मग साव ठरायला काय करावं लागतं, तेवढी व्याख्या सांगा सर. लिहून घेते!"

दारातली पोरं पांगली. सरांनी तिला पास केलं आणि नणंदेला पुन्हा बसायला सांगितलं. जिन्याने लगेच नवी आवृत्ती काढली: "आरडाओरडा करून पास झाली हो!"

वहिनीला दुकानातली खुर्ची मिळाली. घरच्या कॉम्प्युटरला तिने पासवर्ड घातला, यावर सासूबाई अजून कुरकुरतात: "आपल्याच घरात कुलूप?" नवऱ्याशी ती कामापुरतं बोलते, आणि काम फारसं निघत नाही. निकालानंतर नणंदेने रडत रडत तोंड उघडलं, ते वहिनीपुढे. जिन्यापुढे उघडायची हिंमत तिला झाली नाही.

प्रोग्राम वहिनीनेच लिहिला होता. ती दुकानात असताना नवऱ्याने तिची फाइल काढून बहिणीला दिली, आणि सगळी इमारत बायकोला चोर म्हणत होती तेव्हा तो गप्प बसला.