राणीचा विलाप

काल नालवाडीच्या घरी संत्रं सोललं आणि समुद्रपूरच्या शाळेतला माझा आठवीचा वर्ग आठवला. मधल्या सुट्टीनंतर मुलांच्या हातांना असाच वास यायचा.

त्या दुपारी मी एक जुनं शोकांत नाटक शिकवत होते. शेवटच्या प्रवेशात राणी मेलेल्या मुलाजवळ बसून बोलते. ते वाचायची पाळी सुजाताची होती. तिचा धाकटा भाऊ नुकताच तापानं गेला होता. तेव्हापासून ती वर्गात बोलतच नसे. मी घाईनं पुढच्या मुलीला उठवलं.

"बाई, मलेच वाचू द्या," सुजाता म्हणाली.

ती शेवटपर्यंत वाचत गेली. मग पुस्तक मिटून तिनं विचारलं, "बाई, राणीले त्या दिवशी कोणी जेवाले बोलावलं असन का?"

नाटकात तसं काही नव्हतं. तेवढ्यात मागून रेखा म्हणाली, "मी बोलावलं असतं तिले."

एवढ्या लहान मुलांना एवढं दुःख कशाला शिकवायचं, असं तेव्हा वाटायचं. आज वाटतं, सुजाताला ते आधीच ठाऊक होतं. त्या तासाला तिला सोबत मिळाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोघी एकाच डब्यातून जेवत होत्या, आणि सुजाता कशावरून तरी मोठ्यानं हसत होती.