वजन तोडताना

डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "हिला काही औषध दिलंय का?" आणि मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. आदल्या दिवशी मीच तिला लघवीच्या गोळ्या दिल्या होत्या, अंगातलं पाणी काढून टाकणाऱ्या. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता मी पुन्हा स्वतःची बाजू मांडायला लागेन.

मी कुस्ती शिकवतो. धाराशिवला माझी तालीम आहे. वर पत्रे, अर्ध्या भागात लाल माती, अर्ध्या भागात मॅट. मी स्वतः ईट गावच्या तालमीत वाढलो. पैलवान म्हणजे धीट माणूस असं लोकांना वाटतं, पण मी लहानपणापासून भित्रा. अंधार पडल्यावर एकटा गोठ्यापर्यंत जायचो नाही, म्हणून वडिलांनी तालमीत घातलं. तिथं नवीन भीती मिळाली. माझ्या दुप्पट अंगाचा गडी मला खाली घेऊन मान दाबायचा, नाकातोंडात माती जायची आणि वाटायचं, हा आता उठणारच नाही. वस्ताद काठावर बसून म्हणायचे, "मेला न्हाईस अजून. निघ खालनं." मी निघायला शिकलो. पुढं जत्रांच्या फडात नाव झालं, गळ्यात हार पडले. पण प्रत्येक कुस्तीआधी तीच भीती असायची. ती जावी म्हणूनच मी मेहनत करत होतो. लोकांना ती जिद्द वाटायची.

वजन तोडणंही मी तिथंच शिकलो. कुस्तीत वजनाचे गट असतात. स्पर्धेच्या आधी अंगातलं पाणी काढायचं, काट्यावर हलकं भरायचं आणि खालच्या गटात शिरायचं. वजन झालं की खाऊनपिऊन पुन्हा जड व्हायचं. समोर आपल्यापेक्षा हलका गडी येतो, एवढाच त्यातला फायदा. वस्ताद आम्हाला घोंगडी पांघरून उन्हात पळवायचे, चिंच चघळायला देऊन थुंकी बाहेर टाकायला लावायचे. एकदा मी चक्कर येऊन बांधावर पडलो. ते म्हणाले, "वजन होऊ दे, मग पड निवांत." सगळे हसले. मीही हसलो. घरी आईला सांगायचं नाही, तालमीतलं तालमीत, असा दंडक होता. पुढं मी शिकवायला लागलो आणि तो जसाच्या तसा उचलला. मी त्याला शिस्त म्हणायचो.

जिला मी त्या गोळ्या दिल्या ती तामलवाडीची मुलगी धाराशिवला मामाकडे राहून शिकत होती. वडिलांची द्राक्षबाग. ती बारावीत असेपर्यंत माझ्याकडे तिची चार वर्षं झाली होती. मी शिकवलेल्या पोरापोरींत ती एकटीच अशी, की तिला समोरच्याची भीती वाटत नसे. हरली तरी हसत उठायची आणि जिंकणारीला विचारायची, "तो डाव कसा टाकलास गं?" मला ते कळायचं नाही. खरं सांगायचं तर मला तिचा थोडा हेवा वाटायचा.

त्या वर्षी तिच्या गटात दुसऱ्या जिल्ह्यातली एक उंच मुलगी होती. तिनं एका कुस्तीत समोरच्या पोरीचा खांदा निखळवला होता. कुणीतरी ती कुस्ती मोबाईलवर पाठवली. मी ती पुन्हा पुन्हा पाहिली. खांदा जातो तिथं थांबवायचो आणि परत मागं घ्यायचो. शेवटी मी आमच्या पोरीला म्हणालो, "आपण एक गट खाली उतरू."

"कशाला सर? धरू की तिला. लई झालं तर हरीन."

"तुला काय कळतंय? वजन तोडायचं."

ती बरं म्हणाली. माझ्यापुढं कधी नाही म्हणाली नव्हती.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही गाडीनं निघालो तेव्हा तिनं सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. अंगावर स्वेटर, त्यावर प्लास्टिकचा रेनकोट. खिडक्या मी बंद ठेवायला लावल्या होत्या. मागं बसलेल्या पोरींची चेष्टा चालली होती.

"सर, हिची येणी कापू का? पावशेर तरी भरल."

"आन तुझी जीभ कापली तर किलोभर कमी हुईल," ती म्हणाली. तिच्या ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

मुक्कामी पोचल्यावर काट्यावर उभी केली. अजून जास्तच भरत होती. मग मी खिशातली गोळी काढली. ती खेळात बंदी असलेली, हे मला माहीत होतं. एका ओळखीच्या पैलवानानं दिली होती. तिनं विचारलं, "कशाची हाय?" मी म्हणालो, "शक्तीची." घोटभर पाण्यानं तिनं ती गिळली आणि तो घोटही मीच मोजून दिला. झोपायच्या आधी दुसरी दिली. ती म्हणाली, "सर, नुसती चूळ भरू का? थुंकते लगेच." मी समोर उभा राहिलो आणि ती खरंच थुंकते की नाही ते बघितलं.

सकाळी ती वजनाच्या रांगेत उभी होती. पुढं दोघीतिघी होत्या. तिची बोटं आत वळायला लागलेली मी बघितली. पायात गोळे आल्यासारखं तिनं एक पाय झटकला. मी रांगेबाहेरून म्हणालो, "उभी राहा, झालंच आता." तिनं माझ्याकडं बघितलं, पण मी दिसत नसल्यासारखं. मग ती बाजूला न वळता, हात पुढं न करता सरळ खाली गेली. डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज आला.

दवाखान्यात तिचे हातपाय आखडले होते आणि छातीची धडधड सरळ चालत नव्हती. यंत्राचा आवाज मधेच चुकायचा. तो चुकला की माझंही काहीतरी थांबायचं. तेव्हाच डॉक्टरांनी औषधाचं विचारलं. माझ्या डोळ्यांपुढं काय आलं ते लाजत लिहितो. तिचा जीव डोळ्यांपुढं आला नाही. पोलीस आले, तालमीला लागलेलं कुलूप आलं, तिचे वडील आले. मी म्हणालो, "नाही. तिनंच खाणंपिणं सोडलं असेल. पोरींना वजनाचं खूळ असतं."

ती शुद्धीवर नव्हती. पण नंतर बरेच दिवस मला वाटत राहिलं, की तिनं ते ऐकलं.

मी बाकावर बसलो. अशी भीती मला मातीतही कधी वाटली नव्हती. खाली सापडलो की निदान हातपाय हलवता यायचे. इथं मला फक्त तोंड उघडायचं होतं आणि ते उघडत नव्हतं. नर्स पळत आत गेली, दुसरी पळत बाहेर आली. तेव्हा मी उठलो आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन गोळीचं नाव सांगितलं.  "हे आल्या आल्या सांगायचं होतं," ते म्हणाले आणि आत गेले. सलाईन बदललं, रक्त पुन्हा तपासायला गेलं. परत येऊन म्हणाले, "तिच्या वडिलांना तुम्ही सांगा." मी मान हलवली.

वडील संध्याकाळी आले. बागेत फवारणी चालली होती, तशीच सोडून आले होते. कपड्यांना औषधाचा वास होता. "काय झालं वो वस्ताद?" म्हणाले. मी म्हणालो, "पाणी कमी पडलं अंगात." त्यांनी आत जाऊन लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर येऊन माझेच हात धरले. "तुमी हुता म्हणून वाचली."

मी ते हात सोडवून घेतले नाहीत.

ती वाचली. मूत्रपिंडाला झटका बसला होता. ते हळूहळू सावरलं, पण कुस्ती बंद करावी लागली. घरी गेल्यावर, पाणी तूच तोडलंस म्हणून वडील तिलाच बोलायचे, हे तिच्या मामाकडून कळायचं. तिनं माझं नाव घेतलं नाही. मी तालमीत वजन तोडणं बंद केलं. कारण कुणी विचारलं तर नियम बदललेत म्हणायचो.  एखादी पोरगी दम खायला भिंतीला टेकली तरी मी तिची बोटं आधी बघायचो.

दोन वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात, वडील स्वतः तालमीत आले. बरोबर धाकटी लेक होती, नवे बूट घातलेली. आणि मागं दाराशी थोरली. ती आता कॉलेजला जाते. ती आत आली नाही. धाकटीच्या खांद्यावर मात्र तिचा हात होता आणि तो ती काढत नव्हती.

वडील म्हणाले, "हिला तुमच्या पदरात घालतो. थोरलीनं आपल्या हातानं वाटोळं करून घेतलं. ही तरी ऐकणारी हाय. तुमी सांगाल तसं करंल."

तुमी सांगाल तसं करंल.  थोरली माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. मी आता काय करतो, याची तिला भीती वाटत होती. ज्या पोरीला कधी कुणाची भीती वाटली नव्हती, तिला.

मॅटवर पोरं होती. त्यांना बाहेर पाठवावं असं मनात आलं. मी पाठवलं नाही. म्हणालो, "तिनं काही करून घेतलं नाही. मी केलं. पाणी मी तोडलं. वर दोन गोळ्या दिल्या, शक्तीच्या म्हणून. त्या शक्तीच्या नव्हत्या. डॉक्टरांना मी आधी खोटं सांगितलं आणि तुम्हाला आजपर्यंत."

 वडील मारतील असं मला वाटलं आणि मी हात खाली सोडून उभा राहिलो. पण ते थोरलीकडं वळले.

"दोन वर्सं म्या तुला बोलतोय. जेवताना बोलतोय. का गं सांगितलं न्हाईस?"

"तुमी इच्यारलं कुठं दादा," ती वडिलांना म्हणाली. "नुसतं बोलत हुता."

त्यांनी धाकटीचा हात धरला आणि तिला दाराकडं नेलं. मी अडवलं नाही. थोरली अजून उभी होती. मी तिच्याजवळ गेलो, पण फार जवळ नाही. 

"त्या उंच पोरीला मी घाबरलो होतो," मी म्हणालो. "तू नव्हतीस घाबरलेली. माझ्या भीतीपायी तुझी कुस्ती गेली, जीवही गेला असता, आणि वर घरचं बोलणं तुला खावं लागलं. माझं चुकलं. मला माफ कर."