भरल्या पोटी भूल

गेल्या वर्षी भाऊबीज झाल्यानंतरचा शनिवार. उल्हासनगरच्या एका नर्सिंग होममध्ये दुपारी मी पंचवीस हजार अनामत भरली. हजर होतो मी, सासूबाई आणि दोन्ही मेहुणे. धाकट्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अंबरनाथच्या कंपनीत प्रेसखाली चेचली गेली होती.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्याला विचारलं, ‘जेवलास का?’

उत्तर सासूबाईंनी दिलं. ‘सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या.’

त्याला आत घेतलं, दार लागलं. थोड्याच वेळात आतून सिस्टर ओरडली. थोरल्याने खांदा मारून दार उघडलं, मी त्याच्या मागोमाग. भुलीचं इंजेक्शन गेल्यावर धाकट्याच्या पोटातला आमटी-भात वर येऊन श्वासनलिकेत उतरला होता. तोंड निळं पडलेलं. सिस्टर नळीने घाण खेचत होती, डॉक्टर दोन्ही हातांनी छाती दाबत होते. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. थोरल्यानेही ऐकला.

‘मारतोय हा माझ्या भावाला.’

त्याने सलाइनचा लोखंडी स्टँड उचलून डॉक्टरांच्या डोक्यात घातला. मॉनिटर खाली पडून फुटला. डॉक्टरांचं रक्त धाकट्याच्या छातीवर गळत होतं, तरी हात चालूच. ‘सिस्टर, अ‍ॅड्रेनॅलिन. आणि तुम्ही याला धरा. मी थांबलो तर तो मेला.’

मी मागून थोरल्याचा गळा आवळला.

‘सोडा दाजी, नायतर तुम्हालापण घालीन.’

त्याने कोपर हाणलं, माझा पुढचा दात गेला. मी सोडलं नाही. सिस्टरने शिरेत औषध सोडलं. काही वेळाने पुन्हा एकदा. मग डॉक्टरांनी धाकट्याच्या मानेवर बोटं टेकवली.

‘ठोके आले.’

डोक्याला टॉवेल दाबून ते बाहेर आले. ‘भात कधी खाल्ला?’

‘कंपनीतून त्याचा डबा तसाच भरलेला आला होता,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मी भरवला. उपाशी पोटी कसं सोसणार? सांगितलं असतं तर तुम्ही ऑपरेशन पुढे ढकललं असतं.’

‘नुसता हात बधिर करून केलं असतं, मावशी.’

थोरला तिथेच जमिनीवर बसला.

धाकटा दोन आठवड्यांनी घरी आला. डॉक्टरांनी पोलिसांतली तक्रार मागे घेतली नाही, मीही तसं सुचवलं नाही. उपचाराचं बिल कंपनीने भरलं, माझी अनामत परत मिळाली. आम्ही दिले ते असे: मॉनिटरचे चाळीस हजार नर्सिंग होमला, थोरल्याच्या जामिनाचे पंधरा हजार वकिलाला, आणि डॉक्टरांना पडलेल्या टाक्यांचे साडेतीन हजार, त्यांच्याच हातात.