गुंडूचा चालता बँड

गुंडू सॅक्सवाल्याबद्दल मी सांगतो त्यातलं निम्मं त्याच्या बायकोनं, बाळाबाईनं, मला सांगितलंय. उरलेलं मी कान लावून मिळवलंय. पंचवीस वर्षं वरातीत सॅक्सोफोन फुंकणारा हा गडी. चंदगडकडच्या एका लग्नात गोव्याच्या मंडळींचा पंधरा-वीस वाद्यांचा बिग बँड जॅझ ऐकला आणि कामातून गेला. बाळाबाई म्हणते, "बाईच्या नादाला लागला असता तर तिच्या झिंज्या तरी धरल्या असत्या."

तीन वर्षांत त्यानं सात चाली बांधल्या. अल्बम काढायचा तर वाजवणारे आणखी सोळा जण हवेत, आणि तुळशीचं लग्न झालं की बँडवाले गावोगाव पांगतात. सगळे मिळाले ते एका सोमवारी, त्याच दिवसापुरते. रेकॉर्डिंगला सम्मेद, शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांचा थोरला मुलगा. बापाच्या ऑफिसवरच्या हॉलमध्ये त्यानं यंत्रं मांडली होती.

सगळे खुर्च्यांवर बसले. पहिली चाल निम्म्यावर जाऊन मेली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. गुंडू दाराबाहेर जाई, आत येई, घड्याळ बघे, पुन्हा बाहेर. अकरा वाजले.

शेवटी म्हातारा ट्रंपेटवाला म्हणाला, "गुंडूदा, राग मानू नगंस. जल्मभर घोड्याम्होरं चालत वाजीवलंय. पाय हालल्याबिगर तोंड चालत न्हाय आमचं."

खुर्च्या काढल्या. सोळा जण चालू लागले, तशी हॉलमध्ये एकाचा ट्रॉम्बोन दुसऱ्याच्या बरगडीत. एक माईक आडवा झाला. सम्मेदनं डोकं धरलं, मग म्हणाला, "खाली शेड मोकळी हाय. आज फौंड्रीला सुट्टी."

शेडमध्ये मधोमध माईक, भोवती सोळा जणांचं रिंगण, आणि गुंडू आपल्या माईकपाशी मध्ये उभा. रिंगण फिरलं, चाल धावली. संध्याकाळपर्यंत सहा झाल्या. सातवीत गुंडूनं एकट्यानं वाजवायचा तुकडा होता. तिथंच याचे पाय वळवळले. माईक सोडून स्वारी रिंगणात. सम्मेद हात हलवून थकला. गुंडू डोळे मिटून चालत कोपऱ्यातल्या बंद भट्टीमागं.

"तुमचा आवाज पार भट्टीमागं गेलाय," सम्मेद म्हणाला. "परत घ्यायला लागंल."

बाहेर बँडमधल्या चंदगडकरांनी वाद्यांच्या पेट्या बांधल्या होत्या. त्यांची शेवटची एसटी जाणार होती. गुंडूनं कानाला हेडफोन लावला. सॅक्स जवळ आला, लांब गेला, जवळजवळ हरवला, पुन्हा आला. त्यानं दोनदा ऐकलं.

"परत येतोय न्हवं? मग ऱ्हाऊ दे की."

अल्बम आता फोनवर मिळतो. शेवटची चाल ऐकून लोक सम्मेदला कळवतात, आवाज मध्येच जातोय. सम्मेद त्यांचा नंबर गुंडूला देतो. गुंडू फोन लावून म्हणतो, "पावणं, जरा दम धरा. येतोयच मी."