बारावा गडी आणि आमचा फोन

बारावा गडी आमच्या दारात बूट काढायचा, पण त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवायचा, नाड्या सैल. "कधी बोलावणं येईल, काय सांगता येतं?" म्हणायचा. बोलावणं क्वचितच यायचं, हा भाग वेगळा.

अमेरिकेतल्या डब्लिनच्या अपार्टमेंटमधला तो आमचा समोरचा शेजारी, बेसबॉलच्या एका दुय्यम संघातला राखीव खेळाडू. आम्ही पडलो क्रिकेटवर वाढलेली माणसं, म्हणून घरात त्याचं नाव बारावा गडी. आमच्याकडे येणारी मराठी पोरं मला काकू म्हणत, म्हणून हाही म्हणायचा. माझ्यापेक्षा चांगला मोठा बाप्या, आणि मी याची काकू!

त्याच्या पिशवीत तऱ्हतऱ्हेचे ग्लोव्ह असायचे. पहिल्या बेसवर उभा करा, फलंदाजाच्या मागे बसवा, पार कुंपणापाशी पाठवा, नाही म्हणून म्हणायचा नाही. गप्पा मारतानासुद्धा एखादा ग्लोव्ह मांडीवर घेऊन तेल चोळत बसायचा.

"अरे, पण तुझी नेमकी जागा कुठली?" अविनाशनं, माझ्या नवऱ्यानं, एकदा विचारलं.

"ज्याचं दुखेल त्याची," तो म्हणाला. आम्ही हसलो. तो हसला नाही.

एकदा पुरी-भाजीचा डबा घेऊन त्याचा सामना बघायला गेलो. त्याला उतरवलं आणि थोड्याच वेळात काढलं. "येईल परत," म्हणत आम्ही शेवटपर्यंत बसून राहिलो. क्रिकेटमध्ये माणूस बाहेर जाऊन परत येतो की! नंतर कळलं, इथे एकदा काढला की त्या दिवसापुरतं संपलं. "म्हणून तर काकू, कधी काढतील याची कायम धास्ती, मला कधी धड जेवण जात नाही," तो म्हणाला.

२००२ च्या हिवाळ्यात अविनाशचं प्रोजेक्ट गेलं. दुसरं मिळालं नाही तर व्हिसा गेला, म्हणजे चंबूगबाळं उचलून नागपूर. इकडे बाराव्या गड्याचा करार संपलेला, वय पस्तिशीला टेकलेलं. आमच्याकडे जेवायला असला की क्लबला आमचा नंबर देऊन यायचा. मॅनेजरनं स्वतः फोन केला तर नवा करार. ऑफिसातून 'येऊन भेटा' आलं तर खेळणं संपलं, हे त्यानंच समजावलं होतं. फोन वाजला की दोघं एकदम दचकायचे. माझंही पोळीवरचं लाटणं थांबायचं. देवा, कुणाचा असेल?

त्या संध्याकाळी दोघं खाली गाडीवरचा बर्फ झाडत होते. फोन मी घेतला. क्लबच्या ऑफिसातली बाई होती. "सोमवारी येऊन भेटायला सांगा."

मी फोन ठेवला आणि पानं घेतली. आमच्याकडे उपाशी माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत. बास.

"फोन वाजला का?" वर येताच दोघांनी विचारलं.

"आधी जेवा," मी म्हटलं.

अविनाश पांढराफटक पडला. मला बघवेना. "तुझा नव्हता रे," मी हळूच मराठीत म्हटलं. आणि त्याला असं हायसं वाटलं, की ते काही लपेना. बारावा गडी त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. 'काकू'पलीकडे त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण कळलं.

मग त्यानं वरणभात कालवला आणि पोटभर जेवला. आमच्याकडे पहिल्यांदाच. भात दुसऱ्यांदा मागून घेतला. माझे डोळे भरून येत होते आणि मी नुसती तूप वाढत होते. हात धुऊन तो म्हणाला, "आता सांगा, काकू."

क्लबनं त्याला कोच केलं, दूरच्या एका गावी. आम्हाला उन्हाळ्याच्या तोंडावर प्रोजेक्ट मिळालं, आम्ही राहिलो, तो गेला. समोरच्या दारात नवे बूट आले, तोंडं आतल्या बाजूला.

२००८ मध्ये त्याचा फोन आला.

"काकू, एखाद्याला नारळ द्यायचा असला की निरोप सांगायला मलाच पाठवतात."

"अगं बाई! मग?"

"मी त्याला आधी जेवायला नेतो."

मला फार बरं वाटलं. पण त्याचं सांगणं संपलं नव्हतं.

"आता पोरांना माहीत झालंय. मी जेवायला चल म्हटलं की तिथेच रडायला लागतात."

"मग रे काय करतोस?"

"समोर बसतो," तो म्हणाला. "जेवेपर्यंत उठत नाही."