उत्तर लवकर आलं म्हणून

दहावीत असताना आमच्या शाळेने गणिताचा गृहपाठ वहीतून काढून मोबाइलवर टाकला, आणि तेव्हापासून मला ‘शाबाश’ या शब्दाचा तिटकारा आहे. उत्तर बरोबर आलं की स्क्रीनच्या कोपऱ्यातून एक हसरी पेन्सिल बाहेर यायची आणि म्हणायची, ‘शाबाश, ऐसे ही आगे बढ़ो!’ चुकलं की तीच पेन्सिल मान खाली घालून उभी. कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून ती निघाली होती देव जाणे! तिला धरून शार्पनरमध्ये घालावी असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

शाळा झाशीतली, हिंदी माध्यमाची. आम्ही नगरा नावाच्या वस्तीत राहायचो. आजोबा रेल्वेच्या नोकरीत भुसावळहून इकडे आले ते इथलेच झाले, आणि बाबाही रेल्वेच्याच एका ऑफिसात क्लार्क. बाहेर सगळी हिंदी, शेजारीपाजारी बुंदेली. आई-बाबा आपसात मराठी बोलायचे आणि मी धेडगुजरी. आईने ‘जेवलीस का गं’ विचारलं की मी ‘हाँ, खा लिया’ म्हणून मोकळी. बाबा त्यावर काही बोलायचे नाहीत. फक्त एका बाबतीत त्यांना हिंदीचा एक शब्द खपायचा नाही, ती म्हणजे परवचा.

ज्यांच्या घरी ही भानगड नव्हती त्यांच्यासाठी सांगते. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की आधी शुभंकरोती आणि मग पाढे, मोठ्याने, मांडी घालून, भिंतीला न टेकता. नुसते बे ते तीस नाहीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, सगळं. म्हणजे कुठल्याही आकड्याची पावपट, निमपट, पाऊणपट, तोंडपाठ. मध्ये एक आकडा चुकला की बाबा डोळे न उघडता म्हणायचे, ‘पहिल्यापासून.’ माझ्या मैत्रिणी गल्लीत बॅडमिंटन खेळायच्या आणि मी आत ‘तेवीस साते एकसष्टासे’ म्हणत डुलत असायची. एकसष्टासे म्हणजे एकशे एकसष्ट, हे मला पाढा पाठ झाल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं. पण परवचा मला आवडायची, खरंच आवडायची. दिवसभरात बाबा माझ्याशी मन लावून काही बोलायचे तर तेवढंच.

तर ही नवी ऑनलाइन भानगड सुरू झाली. बाबा ऑफिसातून आले, दिवा लागला, परवचा झाली की त्यांचा मोबाइल माझ्या ताब्यात. त्यात गणित यायचं, खाली उत्तराची चौकट, आणि तिच्या खाली एक मोठी चौकट, तुम्ही पायऱ्या कशा केल्या ते लिहायला. ती भरणं सक्तीचं नव्हतं, म्हणून मी भरायची नाही. कशाला भरू? त्या वर्षी वर्गसमीकरणं होती. दोन आकडे शोधा, गुणाकार एकशे एकसष्ट, बेरीज तीस. वर्गातली पोरं कागदावर भाग लावत बसायची. मला प्रश्न वाचतानाच तेवीस आणि सात समोर दिसायचे. यात हुशारी कसली डोंबलाची? मी रोज संध्याकाळी तोंडाने तेच तर म्हणत होते. टकाटक उत्तरं टाकायची, पेन्सिल शाबाश-शाबाश करत नाचायची, आणि मी वर्गाच्या यादीत सगळ्यांच्या वर.

मला अकरावीला गणित घ्यायचं होतं. नुसतं घ्यायचं नव्हतं, मला दुसरं काही सुचतच नव्हतं. आणि गणिताच्या वर्गात कुणाला घ्यायचं हे शाळा या ऑनलाइन गृहपाठाच्या मार्कांवरून ठरवणार होती. तेव्हा मी निवांत होते. माझं गणित कोण काढून घेणार होतं?

एक दिवस मोबाइल उघडला तर माझ्या नावापुढे एक पिवळा त्रिकोण. त्यावर बोट ठेवलं की लिहून यायचं, ‘असामान्य गति’. मार्क रोखलेले. आधीच्या सगळ्या गृहपाठांचेही. मला वाटलं, बिघडलं असेल काहीतरी. दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांनी वर्गाबाहेर बोलावून सांगितलं, ‘बेटा, कल पापा को ले आना.’ वर्गात परत आले तर सगळ्यांना आधीच कळलेलं. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘हमें भी वो ऐप दे दे यार.’ असा राग आला म्हणून सांगू!

बाबांनी अर्धी रजा टाकली आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. सर वाईट नव्हते हो. वाईट असते तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. एका रेषेवर वर्गातल्या मुलांचे निळे ठिपके गर्दी करून होते, आणि लांब, अगदी कडेला, एकटा लाल ठिपका. तो मी.

‘देखिए जी,’ सर म्हणाले, ‘बाकी बच्चे एक सवाल में कई मिनट लगाते हैं. बिटिया सवाल खुलते ही जवाब डाल देती है, और स्टेप एक भी नहीं. सिस्टम इसको नकल मानता है. कोई भैया-वैया करवा देते हैं क्या घर पे?’

मी म्हटलं, ‘सर, आप अभी पूछ लीजिए. कुछ भी पूछ लीजिए.’

‘अरे बेटा, पूछने से क्या होगा? मेरे पूछने से वो निशान थोड़ी हटेगा.’

मी बाबांकडे पाहिलं. आता बाबा सांगतील. जगात एकच माणूस सांगू शकत होता की ही पोर अशीच आहे, आणि तो माझ्या शेजारी बसला होता. बाबांनी घसा खाकरला. ‘वो हमारे यहाँ शाम को...’ एवढं म्हणाले आणि अडले. मग म्हणाले, ‘पहाड़े बुलवाते हैं हम.’

सर हसले. ‘पहाड़े तो सब बच्चे याद करते हैं जी. ये तो दसवीं का सवाल है.’

खलास! एवढ्यावर बाबा विझले. पावकी नाही, पाऊणकी नाही, इतक्या वर्षांचं ‘पहिल्यापासून’ नाही, काही काही सांगितलं नाही त्यांनी. त्यांनी त्या कॉम्प्युटरकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चक्क हात जोडले. ‘बच्ची है. गलती हो गई. इस बार माफ कर दीजिए सर. आगे से नहीं होगा.’

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सर घाईघाईने म्हणत होते, अरे नहीं नहीं, हाथ मत जोड़िए, आप बड़े हैं; पण माफी त्यांनी घेतली ती घेतलीच. मार्क परत मिळतील म्हणाले, पुढच्या गृहपाठांत गती नीट दिसली तर.

स्कूटरवर मागे बसून मी बाबांच्या पाठीला विचारलं, ‘माफी का मागितलीत?’

‘मग काय भांडायचं होतं? गणित हवंय ना तुला?’

‘पण मी कॉपी केलीच नाही!’

‘रस्त्यात नको.’

‘बाबा, तुम्हाला तरी माहीत आहे ना?’

‘अगं, रस्त्यात नको म्हटलं ना!’ समोरून ट्रक येत होता, त्यांनी हॉर्न वाजवला आणि बोलणं तिथेच संपलं.

घरी आल्यावर आईने ऐकलं आणि पोळी लाटता लाटता लाटणं आपटलं. ‘अहो, तुम्ही हात जोडून आलात? म्हणजे चोर ठरवूनच आलात की लेकीला!’

‘तू मध्ये पडू नकोस. कॉम्प्युटर उगाच लिहील का काही? त्यांची एक पद्धत असते. आपण त्या पद्धतीने चालायचं.’

मी जेवले नाही. उपाशी राहिल्यावर बाबा येतील, डोक्यावर हात ठेवतील आणि म्हणतील, मला माहीत आहे तू काही केलं नाहीस, असं मला वाटत होतं. गणित मला हवंच होतं, पण त्या दिवशी त्याहून जास्त मला हे एक वाक्य हवं होतं. बाबा आले नाहीत. आईच ताट घेऊन आली.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी नवाच कारभार सुरू झाला. दिवा लागला, मी सवयीने मांडी घातली, तर बाबा म्हणाले, ‘पाढे राहू देत आज. गृहपाठ कर.’ आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन बसले, भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून. प्रश्न उघडला. उत्तर माझ्या जिभेवर आलेलं. बोट उचललं की बाबा म्हणायचे, ‘थांब.’ मी थांबायची. ‘अजून थांब.’ बाहेर भाजीवाला ओरडून जायचा, आईच्या कुकरची शिट्टी व्हायची, आणि आम्ही बापलेक एका सोडवून झालेल्या गणितासमोर ढिम्म बसलेलो. ‘हं, आता पायऱ्या लिही.’ मग मी पायऱ्या रचायची. ज्या वाटेने मी गेलेच नव्हते ती वाट शोधून काढायची, आणि पेन्सिल म्हणायची शाबाश.

तेही मी गिळलं. पण एकदा बाबा म्हणाले, ‘मधूनच एखादं चुकव.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ‘काय?’

‘एखादं उत्तर चुकीचं टाक. सगळी बरोबर आली की संशय येतो.’

एक आकडा चुकला तर पहिल्यापासून म्हणायला लावणारा माणूस! मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. ते घड्याळाकडे बघत होते. मी रागारागाने एक साफ चुकीचं उत्तर टाकलं, असलं की चौथीतल्या पोराने हसावं. पेन्सिलीने मान खाली घातली. बाबा म्हणाले, ‘ठीक आहे. पुढचं.’

सगळं जसं हवं तसं झालं. पिवळा त्रिकोण गेला, मार्क परत आले. एवढंच नाही, वर्ष संपताना त्या मेल्या पेन्सिलीने मला एक चांदणी दिली, ‘सबसे अधिक सुधार’. सरांनी वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या. अकरावीला गणित मिळालं. बाबांनी पेढे आणले आणि शेजारी वाटले. परवचा मात्र पुन्हा कधी झाली नाही. मी म्हटलं नाही, त्यांनी बोलावलं नाही. त्यानंतर संध्याकाळी दिवा लागला की टीव्ही लागायचा.

आता मी भोपाळला शिकते, गणितातच. गेल्या दिवाळीला घरी आले होते. दुपारी आई चकल्या तळत होती आणि बाबा मोबाइल घेऊन वैतागले होते. त्यांच्या ऑफिसातही आता ऑनलाइन ट्रेनिंग निघालं आहे. व्हिडिओ बघायचे, मग प्रश्न, आणि पास व्हावंच लागतं. ‘कोण बघतंय ते व्हिडिओ?’ बाबा हसत म्हणाले. ‘आमच्याकडे एक नवा मुलगा लागलाय, तो सगळ्यांना उत्तरं सांगतो. सगळं ऑफिस पास! साहेबसुद्धा त्यालाच विचारतात.’ मीही हसले. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीवर हसत होतो. मला बरं वाटलं.

बाबांनी चष्मा काढून मोबाइल बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघराकडे एकदा बघून आवाज खाली आणला. ‘आता एवढी वर्षं झाली. मी रागावणार नाही, आईला सांगणार नाही. तुला तेव्हा दहावीत उत्तरं कोण सांगायचं गं?’

माझ्या हातातली चकली तशीच राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टाही नव्हती. ते खरंच विचारत होते. मी काय काय म्हणू शकले असते! ओरडू शकले असते, रडू शकले असते, तिथल्या तिथे मांडी घालून सगळी परवचा म्हणून दाखवू शकले असते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्यातला सगळा जीवच गेला.

‘होती एक मुलगी,’ मी म्हटलं.

बाबांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. ‘बघ, मला वाटलंच होतं,’ ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ‘असू दे. लहान होतीस. मी कधी मनात ठेवलं नाही.’