टेकडीवरची मुकी शाळा

गेसारेचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. कोंबडा तिच्या मागून उठायचा. चुलीवर पेज चढवायची, ओढ्यावरून पाणी आणायचं आणि घमेल्यात ओतून ठेवायचं, म्हणजे उजाडेपर्यंत त्याचा गारठा थोडा मरायचा. मग त्या पाण्यात हात घालायचे ते दिवस कलेपर्यंत.

ताबाका गावचा दगड मऊ, शंखजिऱ्याच्या जातीचा. पुरुष तो खाणीतून काढायचे आणि कोयत्याने तासून त्याचे पाणघोडे, ताटल्या, वाडगे करायचे. बायकांनी ते पाण्यात बुडवून पॉलिश पेपरने घासायचे. आधी जाड कागद, मग मध्यम, मग बारीक. मजुरी नगावर. कोयत्याचा एक ओरखडा राहिला तरी व्यापारी नग परत टाकायचा. मधला कागद चुकवून वरून मेण चोपडणाऱ्या बायका होत्या. गेसारे त्यांच्या शेजारी बसायचीसुद्धा नाही. तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. ओळखपत्र काढायला गेली तर साहेबाने तिचा अंगठा पुन्हापुन्हा दाबून पाहिला आणि वैतागून म्हणाला, "बाई, तुला अंगठाच नाही."

तिची एक सवय होती. घासायला घेण्याआधी प्रत्येक नग ती बोटाच्या पेराने ठोकायची. आत चीर असली की दगड खुळखुळा बोलतो. चांगल्या दगडातून एकच आखूड आवाज येतो, पुढे काही नाही. "भरीव दगड बडबडत नाही," असं ती म्हणायची. चिरेचा नग ती हातच लावत नसे.

नवरा खाणीत दरडीखाली गेला, तेव्हा केरुबो, तिची एकुलती एक लेक, अजून कडेवर होती. पोरगी वाढली ती घमेल्यांच्या कडेला, आणि वाढली ती बोलघेवडी. व्यापारी मागेतो माल बघायला आला आणि गेला, की ही पाठीवर हात बांधून त्याच्यासारखी चालायची, नाक मुरडून पाणघोड्याला विचारायची, "काय रे, तुझ्या आईने तुला नीट घासलं नाही का?" बायका हसून हसून घमेल्यात पडायच्या. गेसारेसुद्धा हसायची, पण तिचे हात थांबायचे नाहीत.

पोरीची आठवी झाली. नदीकाठच्या शाळेत नंबर लागला होता. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. दीर ओन्देरी म्हणाला, "चांगलं आहे की. दुपारी घरची उगाली, मक्याच्या पिठाची, खाईल."

दुसऱ्या दिवशी गेसारेने काम बुडवलं, जे तिने नवऱ्याच्या मातीनंतर कधी केलं नव्हतं, आणि नदीकाठच्या शाळेबाहेर जाऊन मधल्या सुट्टीत उभी राहिली. मुली खिदळत होत्या. एक मास्तर गवतावर बसून त्यांच्या बरोबरीने हसत होता. गेसारेने मनातल्या मनात नग बाजूला ठेवला.

मग ती टेकडी चढली. तिथल्या निवासी शाळेला शेराच्या झुडपांचं कुंपण होतं. त्याच्या फटीतून ती बघत राहिली. घंटा झाली. मुली बाहेर आल्या आणि पळत सुटल्या. नळाकडे पळत, ताटाकडे पळत, वर्गाकडे पळत. चालत कुणीच नाही. सगळ्यांची डोकी भादरलेली, आणि एवढ्या पोरी असून आवाज फक्त पायांचा. गेसारेने श्वास रोखून ऐकलं. शाळा भरीव होती.

"वहिनी, शाळा शोधतेस की तुरुंग?" ओन्देरीने विचारलं.

"तुरुंगातून कुणी डॉक्टर होऊन सुटल्याचं ऐकलंयस?"

"पोरगी हसरी आहे ग."

"हसण्याचा नग कोण विकत घेतं? मागेतो घेतो?"

केरुबो हसली, कारण आई बरोबर मागेतोसारखी बोलली होती.

पत्र्याची पेटी आणि गादी मोटरसायकलवर बांधून मायलेकी टेकडीवर गेल्या. फाटकावरच्या राखणदाराने, ओम्बाती त्याचं नाव, पेटी उपसली आणि उकडलेली केळी काढून स्वतःच्या खुर्चीखाली ठेवली. "आतलंच खायचं. घरचं खाल्लं की घर आठवतं." मग केरुबोचं डोकं भादरलं. वस्तरा फिरत असतानाच तिने आईकडे बघून ओम्बातीसारखा ओठ काढला. गेसारेला हसू आलं. ते तिने गिळलं.

दुसऱ्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, भर दुपारी केरुबो घमेल्यासमोर येऊन उभी राहिली. शेराच्या कुंपणातून घुसून पळाली होती. शेराच्या चिकाने एक डोळा सुजून बंद झाला होता. तळहातांवर छडीचे वळ होते, जुने आणि नवे.

"आई, तिथे झोपेत बोललं तरी मारतात. मी झोपेत बोलते, मला कळत नाही ग."

गेसारेच्या हातात ताटली होती. ती तिने शेवटच्या कागदापर्यंत घासून पुरी केली. मग हात धुतले, पोरीचा डोळा दुधाने धुतला, उगाली आणि पालेभाजी वाढली, आणि ती जेवून उठल्यावर म्हणाली, "चल."

"अग, आज राहू दे तिला," ओन्देरी म्हणाला. "ती दगड आहे का?"

"अर्ध्यात सोडलेला नग कुणी घेत नाही, ओन्देरी. ना दगडाचा, ना माणसाचा."

केरुबोने वाटेत एकदाच विचारलं, "आई, मी नदीकाठच्या शाळेत पहिली आले तर?"

"पहिली यायचं तर टेकडीवर ये."

टेकडीवरचा रिवाज ठरलेला होता. पळालेल्या मुलीला परत आत घ्यायचं, तर आधी तिच्याच माणसाने साऱ्या शाळेसमोर तिला छड्या मारायच्या. मुली ओळीत उभ्या होत्या. शाळेच्या मोठ्या मॅडमनी छडी गेसारेच्या हातात दिली. "आम्ही मारलं की लोक म्हणतात शाळा मारते. ज्याचं मूल, त्याचा हात."

गेसारेने एक छडी मारली.

"बाई," मॅडम म्हणाल्या, "धूळ झटकताय का?"

ओळीतून कुणी हसलं नाही. गेसारेला मात्र लाज वाटली, आणि लाज कसली तर कामात कसर राहिल्याची. आयुष्यात तिचा एक नग परत आला नव्हता. तिने पदर खोचावा तसा अंगावर गुंडाळलेला कापडाचा खांगा कमरेला घट्ट बांधला आणि नीट मारायला घेतलं. ढोरमेहनतीचे हात होते ते. पहिल्या फटक्यांना केरुबो ओरडली. "आई, मी बोलणार नाही!" असं म्हणाली. मग ओरडणं कमी झालं. मग फक्त छडीचा आवाज राहिला, एकसारखा आणि आखूड. तेव्हा गेसारे थांबली.

"अशी आई प्रत्येक पोरीला हवी," मोठ्या मॅडम मुलींना म्हणाल्या. गेसारेची मान ताठ झाली. खरं ते सांगायला हवं: टेकडी उतरताना ती खूश होती.

जाण्याआधी मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. शेराचं कुंपण काढून दगडी भिंत घालायची होती. सगळे पालक वाटा देणार होते. ज्याच्या मुलीने कुंपण फोडलं, त्याचा वाटा जास्त.

पाण्यातल्या घासाईवर तो वाटा निघणं शक्य नव्हतं. गेसारेने कोरडी घासाई घेतली. तिला मजुरी बरी, पण भुकटी उडते, म्हणून बायका तिला हात लावत नसत. ती भुकटी गेसारेच्या केसांत बसली, पापण्यांवर बसली, शेवटी छातीत बसली. खोकत खोकत तिने भिंतीचा वाटा भरला. एक दिवसही उशीर केला नाही.

केरुबो पुन्हा पळाली नाही. परीक्षेत ती सगळ्या टेकडीत पहिली आली. निकालाच्या दिवशी बायकांनी मोठ्या मॅडमना खांद्यावर उचललं, डहाळ्या नाचवल्या, गाणी म्हटली. ओन्देरीसुद्धा नाचला. केरुबो त्या गर्दीत हात बाजूला ठेवून सरळ उभी होती, फोटोत उभं राहतात तशी.

घरी आल्यावर घमेल्याभोवतीच्या बायका म्हणाल्या, "केरुबो, मागेतो करून दाखव ना!"

केरुबोने त्यांच्याकडे पाहिलं. "मला आता नाही येत ते," ती म्हणाली. आवाज इतका खाली होता की दूरच्या बायकांना ऐकू गेला नाही. त्या हसायची वाट बघत राहिल्या.

"दमली आहे," गेसारे म्हणाली.

त्या सुट्टीत गेसारे मुद्दाम पोरीशेजारी निजायची. केरुबो झोपेत एक शब्द बोलत नव्हती. ओठ घट्ट मिटलेले असायचे.

पुढे ती मास्तरकी शिकली आणि त्याच टेकडीवर लागली. शिस्तीचं खातं तिच्याकडे आलं. राहायला आतच खोली मिळाली. महिन्याच्या महिन्याला ओन्देरीच्या फोनवर आईसाठी पैसे यायचे, कधी चुकले नाहीत. ती स्वतः आली नाही. सुट्ट्यांत परीक्षेच्या मुलींना तिथेच ठेवून घेत, त्यांच्यावर नजर ठेवायला ही.

गेसारेच्या हातात ताटली ठरेनाशी झाली, तेव्हा तिने काम सोडलं. पहाटे चारला जाग मात्र यायचीच. अशाच एका पहाटे तिने केळी उकडली, फडक्यात बांधली आणि निघाली. जी टेकडी ती एका दमात चढायची, तिच्यावर आता जागोजाग बसावं लागलं.

फाटकावर ओम्बातीच होता, म्हातारा झालेला. "आई, आज काय काढलंस?"

"पोरीला बघावं म्हटलं. खोकल्याचा काही भरवसा नाही."

तो आत गेला. परत आला तेव्हा त्याने टोपी हातात घेतली होती.

"केरुबो मॅडम म्हणाल्या, आज भेटीचा दिवस नाही."

"मीच आलेय, हे सांगितलंस का?"

"सांगितलं ना."

"रागावली?"

"छे. त्या आवाज चढवतच नाहीत कधी. त्यांना गरजच पडत नाही." ओम्बातीने फडक्याकडे पाहिलं. "ती केळी ठेवू का इथे?"

"ठेव. खा तू. गरम आहेत अजून."

गेसारे वळली आणि भिंतीला धरून चालू लागली. कुंपणाला फट होती, त्यातून मुली दिसायच्या. भिंतीला फट नव्हती. आत घंटा झाली. पायांचा आवाज आला, पळणाऱ्या पायांचा, आणि त्यावर एकही शब्द नाही. गेसारे उभी राहिली. केरुबो त्या अंगणात, दगडापलीकडे, हातभरावरही असेल.

तिने बोटाचं पेर वाकवलं आणि भिंत ठोकली. एकच आखूड आवाज आला. थोडं पुढे जाऊन तिने पुन्हा ठोकलं. तिथेही तोच. कुठे चीर नव्हती, कुठे पोकळी नव्हती. तिच्या मजुरीचं काम चोख झालं होतं.